बापूच्या पायाची चोरी

१

बापूचा पाय चोरीला गेला तेव्हा बापू समुद्रात पोहत होता.

ऐकणारा आधी हसतो, म्हणून खुलासा केलेला बरा. तीन वर्षांपूर्वी रस्ता ओलांडताना एका टेम्पोने बापूचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. त्या जागी हा आला होता. वर कार्बनची वाटी, खाली धातूची दांडी, दांडीला रबरी पाऊल आणि पावलात पांढरा कॅनव्हासचा बूट. सकाळी तो एकदा चढवला की नव्या माणसाला पत्ताही लागायचा नाही.

परदेशातलं समुद्रकाठचं शहर, शनिवारची टळटळीत दुपार, वाळूवर पाच आरामखुर्च्या. बापू दोन कुबड्यांवर पाण्यातून वर आला. शेजारी त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्या इस्पितळातले सर्जनसुद्धा. ताई भुलीची डॉक्टर. तीस वर्षं लोकांना झोपवण्यात आणि पुन्हा जागं करण्यात गेली होती तिची.

बापूने खुर्चीवर बसकण मारली, मागे हात घातला, मग खुर्चीखाली वाकून पाहिलं.

"ताई, माझा पाय उचललास का तू?"

"मी तुझ्याबरोबर पाण्यात होते रे."

"मग गेला कुठे?"

खुर्चीवर पिशवी होती. पिशवीत सगळ्यांचे फोन आणि गोट्याचा महागडा कॅमेरा जसाच्या तसा होता. पाय तेवढा नव्हता. ज्या निळ्या पंच्यात तो गुंडाळून ठेवला होता, तो पंचाही गेला होता.

शेजारच्या खुर्चीत बापूची सासू तोंडावर टोपी घेऊन झोपली होती. ताई तिला मावशी म्हणायची. "मावशी, अहो मावशी!" म्हणून हलवताच त्या ताडकन उठून बसल्या.

"काय झालं?"

"बापूचा पाय गेला."

"अगं बाई! माझा जरा डोळा लागला होता."

ताईच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटली.

बापूचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. संध्याकाळचा बेत सगळ्यांनाच ठाऊक होता. बापू आणि त्याची बायको मैना यांचा घरी नाचाचा क्लास. अपघातानंतर क्लास मैनाने एकटीने ओढला, आणि ती दोघं एकत्र म्हणून एकदाही नाचली नव्हती. किनाऱ्यावरच्या नाचघरात, फळ्यांच्या जमिनीवर, सूर्य मावळताना तीन वर्षांनी ती दोघं नाचणार होती. त्याचसाठी एवढा खर्च करून सगळं लटांबर विमानात बसलं होतं.

"कोणी चोरेल कशाला?" बापू पुटपुटला. "बाजारात विकला तरी माझ्याशिवाय कोणाला बसणार तो?"

ताईलाही नेमकं तेच वाटत होतं. फोन सोडून पाय नेणारा चोर हा चोर नव्हेच. तो घरचाच कोणीतरी होता.

२

घरच्यांत पहिला संशय गोट्यावर गेला, आणि त्याला तसंच कारण होतं.

गोट्या म्हणजे मैनाचा धाकटा भाऊ, लग्नांचे फोटो काढणारा. वय पस्तीस, अक्कल बाराची. मागच्या दिवाळीत त्याने बापूचा हाच बूट फ्रीजमध्ये ठेवला होता, आणि वर "भावोजींचा पाय थंड पडला" म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. काल रात्री नाचघरातही त्याची जीभ सुटली होती. "भावोजी, उद्या तुम्ही पडलात तर मी फोटो काढणार हं!" त्यावर बापू हसला होता, पण मैना हसली नव्हती.

गोट्या सर्वांत शेवटी उगवला. कमरेला पंचा, हातात ओले कपडे, तोंडाने शीळ.

"कुठे ठेवलायस?" बापू त्याच्या अंगावरच गेला. म्हणजे कुबड्या नसत्या तर गेला असता.

"काय ठेवलंय?"

"नाटकं नकोत. पाय दे!"

काय झालंय ते गोट्याला कळायला थोडा वेळ लागला. "आईशप्पथ, भावोजी. एवढा नालायक नाहीये मी. तुम्ही पाण्यात गेलात तसा मी होडीकडे गेलो. ती पायांनी चालवायची होडी. आत्ता परत येतोय."

ताईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. गुडघे आणि पावलांचा वरचा भाग शिजलेल्या कोळंबीसारखा लाल, पोटऱ्या मात्र जशाच्या तशा. होडीत बसून पाय मारणाऱ्याचंच ऊन ते.

"मग पंचा गुंडाळून का हिंडतोयस?" तिने विचारलं.

"काय करू? त्या कपडे बदलायच्या खोल्या आहेत ना मागे, त्यातल्या दोन गळतायत आणि तिसरीत कोणीतरी ठाण मांडून बसलंय. होडीवरून आलो तेव्हाही आत, थोडं फिरून पुन्हा पाहिलं तेव्हाही आत. बगळ्यासारखं एका पायावर तप चाललंय. शेवटी होडीच्या आडोशाला ओले कपडे काढले आणि पंचा गुंडाळला."

"तुझे विनोद पुरे," बापू म्हणाला.

ताई छत्रीवाल्याकडे गेली. भाड्याच्या छत्र्या आणि खुर्च्या सांभाळणारा, दणकट आणि उन्हाने रापलेला माणूस. त्याची भाषा हिला येईना, हिची त्याला. ताईने खुर्चीकडे बोट दाखवलं, स्वतःच्या गुडघ्याखाली हाताने कापल्यासारखं केलं, मग दोन्ही हात उडवून "गेला" असं दाखवलं. माणूस हुशार होता. त्याने मान हलवली. परका कोणी फिरकला नाही. मग तो थोडा थांबला, आणि त्याने दोन्ही हातांचा पाळणा करून हळूहळू झुलवला, ओठांवर बोट ठेवलं.

बाळ. कोणीतरी बाई झोपलेलं बाळ घेऊन गेली.

ताईने डोक्याकडे बोट केलं. कशी दिसत होती? त्याने हवेत मोठं गोल काढलं. रुंद काठाची गवती टोपी.

किनाऱ्याच्या या टोकाला सकाळपासून एकही तान्हं मूल नव्हतं. आणि कालच बाजारात रुंद काठाच्या दोन गवती टोप्या घेतल्या होत्या. एक मावशींनी, एक मैनाने.

ती दोघं पाण्यातून परतली तेव्हा मावशी खुर्चीत होत्या. मैना मात्र नव्हती.

३

"लिंबूपाणी आणायला गेले होते," मैना म्हणाली.

हॉटेलच्या खोलीत पंखा फिरत होता. बापू पलीकडच्या खोलीत दार लावून पडला होता. व्यवस्थापकाने पोलिसांना बोलवू का विचारलं, तर बापूने दारामागूनच "कोणी नको" म्हणून ओरडून सांगितलं होतं.

"आणि लिंबूपाणी?" ताईने विचारलं.

"अं?"

"तू परत आलीस ती हात हलवत. ग्लास नव्हता, बाटली नव्हती."

मैना पलंगाच्या काठावर बसली आणि टोपीच्या गवताची एक काडी उपसू लागली. पाठीचा कणा नर्तकीचा, त्यामुळे ती खोटं बोलतानाही ताठच बसायची.

"ताई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी विचारतेय. तुला नाचायचं नव्हतं का?"

मैनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मग रागही. "मला नाचायचं नव्हतं? दोन महिने आरशासमोर एकटी पावलं बसवतेय मी! त्याला उजव्या पायावर जास्त भार देता यावा म्हणून सगळं उलटं बसवलंय. लिंबूपाण्याला गेलेच नव्हते. नाचघरात गेले होते. ते वाजवणारे दुपारी तालीम करतात ना, त्यांना आमचं जुनं गाणं फोनवर ऐकवलं. त्याला कळू द्यायचं नव्हतं. विचारा हवं तर त्यांना, त्या पेटीवाल्याने तर मला अर्धं वाजवूनही दाखवलं." तिने नाक पुसलं. "आता काय उपयोग म्हणा."

ताईने विचारायची तसदी घेतली नाही. असं खोटं कोणाला सुचत नाही.

ती उठून न्हाणीघरात हात धुवायला गेली. तिथे दोरीवर किनाऱ्यावरून आणलेले कपडे वाळत होते, आणि त्यांत बापूचा सिलिकॉनचा मोजा. पाय चढवण्याआधी तो मोजा उरलेल्या पायावर घालावा लागतो, तेव्हा कुठे वाटी नीट बसते. किनाऱ्यावर बापूने तो काढून वाळूतच भिरकावला होता, हे ताईला स्पष्ट आठवत होतं. पण पाण्यातून परत आल्यावर तो तिला दिसला तो खुर्चीच्या दांडीवर, सावलीत, वाळू झटकून, नीट ताणून घातलेला.

चोराने पाय नेला आणि मोजा वाळत घातला?

तिने मोजा दोरीवरून काढला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आतल्या बाजूला, अगदी तळाशी, धुऊनही न गेलेला फिकट तांबूस डाग होता.

ताईचे हात एकदम थांबले.

४

डॉक्टर असूनही आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचा तिला संताप आला. पण मग ती खिडकीशी उभी राहिली आणि जे दिसलं होतं ते एकेक करून आठवू लागली.

आज सकाळी हॉटेलपासून किनाऱ्यापर्यंत येताना बापू तीनदा बसला होता. दरवेळी म्हणायचा, "काय देखावा आहे!" त्यातल्या एका वेळी समोर एका दुकानाचं बंद शटर होतं. आणि पाण्यात शिरताना, पहिली लाट उरलेल्या पायाला लागली तेव्हा, त्याने दातांवर दात दाबून श्वास आत ओढला होता. "गार आहे गं," म्हणाला होता. पाणी मुळीच गार नव्हतं. मिठाचं पाणी उघड्या जखमेला लागलं होतं.

म्हणजे वाटीने पाय सोलवटला होता, आणि बापू ते पोहायच्या लांब चड्डीआड लपवत होता. मागच्या वर्षी असंच झालं, तेव्हा जखम चिघळून तो पंधरवडाभर इस्पितळात होता. सर्जनने बाहेर येऊन सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर गुडघा वाचवणं कठीण. गुडघा असलेला माणूस आणि गुडघा नसलेला माणूस यांच्या चालण्यात जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. बापू नाचून परतला असता तर तो डाग कुठवर गेला असता, देव जाणे.

तेव्हा पाय ज्याने नेला त्याने वाईटासाठी नेला नव्हता. त्याला जखम माहीत होती. मग सरळ सांगितलं का नाही? ताईसारखी डॉक्टर घरात असताना?

मोजा. मोजा वाळत घालणारे हात. ओला कपडा नुसता पडलेला दिसला की ज्यांच्या जिवाला चैन पडत नाही, परक्या देशातसुद्धा ज्यांनी काल रात्री सगळ्यांचे कपडे धुऊन काढले, अशी घरात एकच व्यक्ती होती. आणि ती दुपारी झोपलेली नव्हती, हे ताईला तेव्हाच जाणवलं होतं. खऱ्या झोपेत माणसाची पावलं दोन बाजूंना कलंडतात. टोपीखाली तोंड दिसत नव्हतं, पण मावशींची पावलं शाळेतल्या कवायतीसारखी सरळ उभी होती, आणि गळ्याशी दोनदा आवंढा गिळलेला दिसला होता.

"मैना, मावशी कुठे आहेत?"

"आई? फिरायला गेली. म्हणाली, मावळतीचा समुद्र बघून येते."

पाय मात्र अजून सापडायचा होता. खोल्या, पिशव्या, पलंगाखाली, सगळं पाहून झालं होतं. वाळूत पुरला तर सांधा बिघडेल, आणि मावशी वस्तू खराब करणाऱ्यातल्या नव्हत्या. हातात बाळासारखा घेऊन भर दुपारी त्या लांबही जाऊ शकल्या नसत्या. जवळच कुठेतरी, जिथे कोणी डोकावणार नाही...

एका पायावर तप.

ताई चपला अडकवून तशीच निघाली. किनाऱ्यावरची गर्दी ओसरत होती. छत्रीवाला छत्र्या मिटत होता. खुर्च्यांच्या मागे कपडे बदलायच्या तीन लाकडी खोल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांची दारं जमिनीपासून हातभर वर संपत, म्हणजे आत कोणी आहे का ते पावलांवरून बाहेरच कळावं. आत पाऊल दिसलं की सभ्य माणूस दार ढकलत नाही. दुपारपासून या दारापाशी किती सभ्य माणसं येऊन परत गेली असतील!

ताई तिसऱ्या खोलीसमोर थांबली आणि वाकली.

आत पांढरा कॅनव्हासचा बूट होता. आणि त्याच्या शेजारी तपकिरी चपलांतली दोन पावलं.

दाराखाली तीन पाय दिसत होते.

५

"मावशी," ताई हळूच म्हणाली, "मी आहे. उघडा."

आतून कडी सरकली. मावशी फळीवर बसल्या होत्या, डोक्यावर ती गवती टोपी. बापूचा पाय शेजारी भिंतीला टेकवून उभा होता, अंगावर निळा पंचा पांघरलेला.

"संध्याकाळी कुलूप लावतात की काय कोण जाणे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपण जवळ बसलेलं बरं. एवढी महागाची वस्तू."

ताई त्यांच्याशेजारी बसली. फळी अरुंद होती. दोघींच्या मांडीला मांडी लागली.

"रक्त पाहिलंत तुम्ही?"

मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि नुसतं समोर पाहिलं.

"शपथ घातलीय त्याने?"

"मी काही बोलणार नाही," मावशी म्हणाल्या. मग दाराकडे बघत, जणू दारालाच सांगतायत अशा आवाजात, "एखादा माणूस रात्री बेसिनशी लपूनछपून काही धूत असेल, आणि आपण म्हटलं आणा इकडे, मी धुते, आणि त्याने हात धरून सांगितलं की कोणापाशी बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल, तर आपण काय करायचं? मी सर्जनसाहेबांचं बोलणं ऐकलंय. मी होते तेव्हा बाहेर बाकावर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"म्हणून चोरी?"

"सांगू नका म्हणाले," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत जरा मिस्कील काहीतरी चमकलं. "चोरू नका असं कुठे म्हणाले?"

ताईला हसू आवरेना. हसता हसता तिने मावशींच्या खांद्यावर डोकं टेकलं. मावशी घाबरल्या, मग त्याही हसू लागल्या, आणि बाहेर छत्रीवाल्याने दाराखालचे पाच पाय बघून तोंडात बोट घातलं.

"तुमची शपथ मोडलेली नाही," ताई उठत म्हणाली. "मला मोज्याने सांगितलं. चला, उचला तुमचं बाळ."

६

मैनाला बापूसमोरच सांगितलं. ताईने डाग दाखवला, उरलेला पाय दाखवायला लावला. गुडघ्याखाली रुपयाएवढी कातडी सोलवटली होती, कडा लाल. अजून चिघळलेली नव्हती. "आठ-दहा दिवस पाय घालायचा नाही," ताईने निक्षून सांगितलं आणि जखम धुवायला घेतली.

मैना भिंतीला टेकून उभी होती. बापू खाली मान घालून बसला होता.

"तू तीन वर्षं थांबलीस," तो म्हणाला. "विमानाची तिकिटं काढलीस. आता कोणत्या तोंडाने म्हणू, की मला जमत नाही?"

"तोंडाने कसं म्हणतात ते तुला माहीत नाही?" मैनाचा आवाज चढला. "माझ्या आईला शपथा घालायला बरं तोंड होतं! नाच गेला खड्ड्यात. तुझा गुडघा गेला असता, म्हणजे मी कोणाला घेऊन नाचणार होते, गोट्याला?"

"मला का मध्ये आणतेस?" दारातून गोट्या म्हणाला.

"आणि आई, तू! एवढी सोन्यासारखी बाई, आणि चोऱ्या करतेस?"

"तुझ्याच नवऱ्याचा पाय चोरला," मावशी म्हणाल्या. "परक्याच्या वस्तूला मी हात लावत नाही."

बापूच्या तोंडून फुस्सकन हसू फुटलं. त्याने सासूपुढे हात जोडले. "आई, चुकलो. पण कुठे हो लपवलात?" आणि जेव्हा त्याला ते कळलं, तेव्हा तो इतका हसला की ताईला पट्टी दोनदा बांधावी लागली. गोट्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी खरंच एका पायाला बगळा म्हणालो!"

राग असा हसण्यात विरघळला तरी मैना बराच वेळ बापूजवळ गेली नाही. मग गेली, आणि त्याच्या ओल्या केसांतली वाळू नखांनी काढत बसली.

"जायचं मात्र आहे हं," शेवटी मावशी म्हणाल्या. "काल रात्री मला जांभया यायला लागल्या म्हणून लवकर आणलंत. मी नाचघर नीट पाहिलेलं नाही."

सूर्य पाण्याला टेकत होता तेव्हा ती पाचही जणं नाचघरात पोहोचली. बापू कुबड्यांवर, पँटचा एक पाय वर दुमडून पिनने अडकवलेला. किनारा सोडला तर आपण होऊन तो असा चारचौघांत आजवर कधी गेला नव्हता. दोन-तीन माणसांनी पाहिलं, आणि मग आपापल्या पेल्यांकडे वळली. निम्मं छप्पर, निम्मं आकाश, फळ्यांवर वाळूचा बारीक थर, जांभळे दिवे नुकते लागलेले. मावशींनी पाच मिनिटं टेबलाशी बसून सगळं निरखलं आणि मग गोट्याला म्हणाल्या, "चल." गोट्याने त्यांना मध्यभागी नेलं. मावशींचा ताल चुकत होता, पण हात मात्र फार सुरेख हलत होते. शेजारची तरुण मंडळी त्यांना जागा करून देऊ लागली.

मग वाजवणारे थांबले. पेटीवाल्याने मान उचलून मैनाला शोधलं, आणि मैनाने दुपारी ऐकवलेलं ते जुनं, संथ गाणं सुरू झालं.

बापूने ते पहिल्या दोन सुरांत ओळखलं. तो मैनाकडे बघत राहिला.

मैनाने ताईकडे पाहिलं.

"पायावर भार नाही," ताई म्हणाली. "उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. आणि एकच गाणं."

मैनाने कुबड्या काढून खुर्चीला टेकवल्या. बापू तिच्या गळ्यात दोन्ही हात घालून उजव्या पायावर उभा राहिला, आणि तिने त्याची कंबर धरली. पावलं अशी फारशी पडलीच नाहीत. दोन महिने आरशासमोर बसवलेलं सगळं बाजूला राहिलं. ती थोडी डावीकडे झुकायची की तो झुकायचा, ती उजवीकडे आली की तोही. त्याचं कपाळ तिच्या कपाळाला टेकलेलं होतं. मध्येच त्याचा तोल गेला, तिने सावरला, आणि दोघं काहीतरी बोलून हसली. ते काय बोलली, ते गाण्यामुळे कोणाला ऐकू आलं नाही.

एका गाण्याची अट वाजवणाऱ्यांना कोणी सांगितलेली नव्हती. कडवी संपली, तरी पेटीवाल्याने पुन्हा सुरुवातीचे सूर धरले, आणि इतरांनी त्याच्यामागे साथ दिली. ते गाणं त्यांनी संपवलंच नाही.

ताईने दोनदा घसा खाकरला. मग तिने आपली खुर्ची उचलून फिरवली आणि समुद्राकडे तोंड करून बसली.